चार बोटं

लग्नपत्रिकांचा सीझन सरला
की रशीदभाईंच्या प्रेसमध्ये आम्ही राक्षस छापायचो.
न्यूजप्रिंट, शहाण्णव पानं, बारा रुपये.
अंबाजोगाईच्या स्टँडवर, परळीच्या फलाटावर
शेंगदाण्याच्या पुड्यांशेजारी दोरीला टांगलेले.
कव्हरवर दरवेळी तोच जबडा;
ब्लॉक एकच होता, शाई तेवढी बदलायची.

लेखक : कॅप्टन चंद्रसेन.
म्हणजे नागोराव डोईफोडे,
धनेगावच्या धरणावर जॅकवेलचा पंप ऑपरेटर.
समुद्र त्यानं पाहिला नव्हता. मीही नाही.
एकदा प्रुफात 'लाटांचा खारट वास' खोडून
मी विचारलं, मिठाला कुठं वास असतो?
"राहू द्या ताई," म्हणाला,
"वाचणाऱ्यानं तरी कुठं हुंगलाय."

वीस हात मान, वल्ह्यासारखे पंजे,
सहा कोटी वर्षांची भूक :
एवढं असल्याशिवाय रशीदभाई पैसे देत नसत.
पण त्याचे प्राणी झडप घालत नव्हते.
थांबायचे.
जहाजाखाली तासन्‌तास, काहीच न करता.
आणि मग पानाच्या तळाशी एखादं वाक्य :
'पाणी हललं नाही. पाणी वाढलं.'
तिथं माझी पेन्सिल अडायची,
चूक सापडायची नाही.

'सातव्या वावेखाली'ची ऐंशी पानं जुळली
आणि शेवटचा फर्मा येईना.
आठवडा, मग दुसरा.
सगळे 'ळ' गॅलीत बांधून पडलेले,
देशमुखांच्या वास्तुशांतीला 'वेळ' छापता येईना.
रशीदभाई म्हणाले, जा, मानगूट धरून आण त्याला.

केजच्या एसटीनं गेले.
जॅकवेलच्या खोलीत पंप चालू होता,
खुंटीला शर्ट, डब्यात बुरसलेली भाकरी.
चौकीदार म्हणाला, "चार दिस झाले.
रजा न्हाई टाकली. सायकल हितंच हाय."

टेबलावर गेजची नोंदवही.
त्याचंच अक्षर, तेच लांबलचक वेलांटीचं.

रात्री २.१०. पाऊस : निरंक. आवक : निरंक.
पातळी : चार बोटं वर.
रात्री ३.००. पूर्ववत.

खाली साहेबांची लाल शाई :
'पिऊन नोंद करू नये.'

दुसऱ्या रात्री, पुन्हा २.१०. पुन्हा चार बोटं.
तिसऱ्या रात्रीही. लाल शाई : 'समज देण्यात येत आहे.'
मग वैशाखभर रोज,
जणू हौदात कोणी अंघोळीला उतरतं
आणि पाऊण तासानं अंग निथळत निघून जातं.
खरं लिहिलं तर मेमो मिळत होता,
कादंबरी म्हणून लिहिलं तर पानाला दीड रुपया.

शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची.
२.१०. चार बोटं वर.
३.०० चा रकाना कोरा.

मी लोखंडी पुलावरून गेजपट्टीपाशी गेले.
दुपार होती, वारा नव्हता,
काळ्या खडकावर घोरपड मान वर करून पाण्याकडे बघत होती.
पट्टीवर त्याची खडूची जुनी खूण.
वाकून, पाण्यात बोटं घालून मोजली :
एक, दोन, तीन,
करंगळीसुद्धा बुडाली.

माणूस उतरला म्हणून धरण वाढत नाही.

पुढचं काही बघितलं नाही. परत आले.
शेवटच्या सोळा पानांत नोंदवहीच जुळवली,
रकाने, शेरे, लाल शाई काळी करून.
वाचकांची कार्डं आली : शेवट फसवा आहे, पैसे परत करा.
पोलीसही एकदा आले, चहा पिऊन गेले.

आमच्या गल्लीत नवव्या दिवशी नळ येतो.
पहाटे दोनच्या सुमाराला.
आधी पाणी नाही येत, हवा येते,
सगळ्या घरांतून एकदम,
लांब, सावकाश, आत ओढलेल्या श्वासासारखी.
मी हंडा धरून उभी असते.
तोटीतून एक वास येतो.
त्याला खारट म्हणता येईल.

पेन्सिल कानावर आहे.
मी खोडत नाही.